आजचं हेडिंग राहिलं

संघपाल सुरवाडे हे नाव भुसावळात विचारून बघा, लोक तुमच्याकडे बघत राहतील. पण ‘हातोडा’ म्हणा, की चार जण आपण होऊन पुढे येतील. स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला भाडं सोडून सांगायला लागेल, की कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर हा पठ्ठ्या कसा उडायचा, कपाळानं कसा ठोकायचा आणि गोलकीपर कसा जागच्या जागी उभा राहायचा. सगळे चेंडूचंच कौतुक करतात. कपाळाचं कुणी विचारत नाही. का विचारतील? कपाळ त्यांचं थोडंच होतं!

ते कपाळ जिच्या वाट्याला आलं ती प्रज्ञा, त्याची बायको. दीपनगरला लागून असलेल्या फेकरीत ती अंगणवाडी सेविका आहे. अख्ख्या गावाची पोरं तिच्या हाताखालून गेली, पण घरातलं एक लेकरू कसं वाचवावं हे तिला आज कळेनासं झालंय.

आधी त्याचं सांगते. संघपालचा बाप सुकदेव दीपनगरच्या वीजघरात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार. संध्याकाळी घरी आला की डोळे तेवढे पांढरे दिसायचे. वीजघराच्या कॉलनीच्या मैदानावर साहेबांची पोरं खेळायची, आणि संघपालनं काय करायचं, तर रेषेबाहेर गेलेला चेंडू पळत जाऊन आणून द्यायचा. पायात चेंडू कुणी येऊ देत नव्हतं त्याच्या. मग त्यानं युक्ती काढली. उंच आलेला चेंडू खाली पडायची वाटच बघायची नाही, उडी मारून डोक्यानंच परत पाठवायचा. कुणाची परवानगी लागत नाही त्याला. पोरं हसली, पण रेल्वेच्या संघाचे हिलाल मास्तर तिथून चालले होते ते थांबले. त्यांनी त्याच संध्याकाळी सुकदेवच्या दारात बसून चहा घेतला आणि पोरगा मागून घेतला.

मास्तरांनी निंबाच्या फांदीला जाळीत घालून चेंडू टांगला. सकाळी आणि संध्याकाळी त्यावर डोकं मारायचं. तेव्हाचे चेंडू कातडी, ओले झाले की वजनदार व्हायचे. आई भागाबाई दारातून ओरडायची, “डोकं सांभाय रे पोरा, एकच शे ते.” पोरगा हसायचा.

पुढे तो मुंबईच्या एका कंपनीच्या संघात गेला, तिथून गोव्याला, गोव्याहून कोलकात्याला. जागा स्टॉपरची, म्हणजे गोलसमोर भिंत होऊन उभं राहायचं आणि जे येईल ते डोक्यावर झेलायचं. देशाकडून खेळायची वेळ आली नाही, पण त्याच्या नावाच्या आरोळ्या मोठमोठ्या मैदानांवर उठल्या, आणि पेपरात फोटो आला की फेकरीच्या बुद्धविहारात तो भिंतीला चिकटवला जायचा. प्रज्ञाशी लग्न झालं तेव्हा तो गोव्याच्या संघात खेळत होता. धुळ्याच्या देवपुरातली ही मुलगी, फुटबॉल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण नवरा पेपरात येतो म्हणून मैत्रिणींत मिरवून घेतलं तिनं. खोटं कशाला बोला!

एकदाच तिनं त्याचा सामना मैदानावर बसून बघितला. दोघांची डोकी हवेत एकमेकांवर आपटली आणि तो आडवा झाला, तो उठेचना. डॉक्टर धावत गेले, काहीबाही विचारलं, आणि हा उठून परत खेळायला लागला. रात्री जेवताना त्यानं हसत हसत गंमत सांगितली. डॉक्टर म्हणे तीनच गोष्टी विचारतात : मैदान कुठलं, स्कोअर किती, हाफ कितवा. उत्तर चुकलं की बाहेर, आणि बाहेर बसला की पुढच्या सामन्यात जागा दुसऱ्याची. म्हणून शेजारचा खेळाडू पाणी पाजायच्या निमित्तानं वाकतो आणि डॉक्टर पोचायच्या आत तिन्ही उत्तरं कानात सांगून टाकतो. सगळे असंच करतात. आज मी त्याच्यासाठी, उद्या तो माझ्यासाठी.

“मग तुम्हाला खरंच आठवत नव्हतं?” तिनं विचारलं.

“छे! मला तर वाटत होतं मी फेकरीत आहे,” तो म्हणाला आणि पोट धरून हसला. तीही हसली. नवीन लग्न होतं, हसायला काय लागतं.

गुडघ्यानं दगा दिला आणि चौतिसाव्या वर्षी खेळ सुटला. घरी आला तेव्हा साक्षी नुकती बोलायला लागली होती. खेळाडू निवृत्त झाला म्हणजे काय होतं हे तुम्हाला सांगू? पहिल्या वर्षी सत्कार होतात, दुसऱ्या वर्षी लोक हात हलवतात, तिसऱ्या वर्षी विचारतात, सध्या काय करता? हातोड्याला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर सुरक्षारक्षकांच्या मुकादमाचं काम मिळालं. भुसावळहून रेल्वेनं जायचा, आठवड्यानं यायचा. तक्रार नाही, कुरकुर नाही. सुटीला आला की साक्षीला खांद्यावर घेऊन कॉलनीच्या मैदानावर. त्याच मैदानावर, जिथं त्याला कुणी चेंडू देत नव्हतं, तिथं पोरीला चेंडू देताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. चहा पिऊन झाल्यावर चहा मागायचा. हिलाल मास्तर वारून किती वर्षं झाली, पण त्यांना भेटायला निघायचा. प्रज्ञानं वयावर ढकललं. एकदा तो नरडाण्याला उतरलाच नाही, गाडीबरोबर नंदुरबारला गेला आणि तिथल्या फलाटावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. झोप लागली म्हणाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा कारखान्यानं हात जोडले आणि त्याला घरी पाठवलं.

आणि प्रज्ञानं काय केलं? तिनं सावरून घेतलं. लग्नकार्यात समोरून कुणी आलं की ही आधीच मोठ्यानं म्हणायची, “अहो, रतिलालभाऊ आलेत बघा नशिराबादचे!” आणि तोही लगेच, “या या रतिलालभाऊ!” शाळेत त्याला पाहुणा म्हणून बोलावलं तर ही मागच्या खुर्चीवर बसून नावं पुटपुटायची. नवऱ्याची शोभा होऊ नये म्हणून कोणती बायको एवढं करणार नाही? शेजारी साक्षी बसलेली असायची, आणि पोरं काय बघतात आणि काय उचलतात ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही.

शेवटी जळगावच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, आणि प्रज्ञा सवयीनं उत्तर सांगायला गेली तेव्हा तिला दाराबाहेर उभं केलं. मग बोलावून समजावलं. एका मोठ्या माराचं हे नाही, वर्षानुवर्षं बसलेल्या लहान लहान हादऱ्यांचं आहे. दुखत नाहीत, दिसत नाहीत, आत साठत जातात. गेलेलं परत येणार नाही. जुनं बरंचसं राहील, नवीन टिकणार नाही. प्रज्ञानं ऐकून घेतलं. रडायचं ते घरी, असं ठरवून ती उठली आणि उठता उठता सहज म्हणाली, “मुलगीसुद्धा खेळते डॉक्टर, जिल्ह्याच्या संघात आहे. अगदी बापावर गेलीये.”

डॉक्टरांनी मान वर केली. “डोक्यानं खेळते?”

बस, एवढंच विचारलं त्यांनी. परतीच्या एसटीत प्रज्ञाच्या कानात तोच प्रश्न घुमत राहिला. घरी आल्या आल्या तिनं साक्षीला समोर बसवलं आणि सांगितलं, की पायानं काय खेळायचं ते खेळ, डोक्याला चेंडू लावायचा नाही. चौदा वर्षांची पोर ती, तिनं शहाण्यासारखी मान हलवली. प्रज्ञाला वाटलं, मिटलं.

मिटतंय कसलं! एप्रिल लागला, शाळा सुटल्या, भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत असेलच, दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. प्रज्ञा सकाळी अंगणवाडीत जायची ती दुपार कलल्यावर यायची. साक्षी अंधार करून पडलेली असायची. डोकं दुखतं म्हणायची, उजेड नको म्हणायची. उन्हाचं आहे असं समजून प्रज्ञा कांदा फोडून द्यायची, पन्हं करायची. एक दिवस शेजारची कौतिकबाई अंगणवाडीत नातवाला सोडायला आली आणि सहज बोलून गेली, “बाई, तुमच्या घरची हौस दांडगी हो. सकाळी झालं, परत दहाला, परत भर बाराला! पोर कंटाळत नाही का?”

मदतनीस बाईवर पोरं सोपवून प्रज्ञा तशीच निघाली.

मैदानाच्या कडेला निंबाखाली दोघं होती. संघपाल हातानं चेंडू उंच टाकत होता आणि साक्षी उडी मारून कपाळानं परत पाठवत होती. पोरीचा चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. तो मात्र खुशीत होता. “शाब्बास! मान घट्ट! अजून एक!” प्रज्ञानं चेंडू मध्येच हिसकावला आणि पोरीला हाताला धरून घरी आणलं. तिला इतका संताप आला होता, की आधी पोरीच्याच पाठीत एक धपाटा बसला.

मग साक्षीनं सांगितलं. पप्पा सकाळी हेडिंग घेतात. घरी येऊन पाणी पितात, जरा बसतात, आणि चेंडू उचलून म्हणतात, “चल साक्षी, आजचं हेडिंग राहिलं.” पहिल्यांदा ती म्हणाली होती, पप्पा, आत्ता तर झालं! तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की तिला बघवलं नाही. ओट्यावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, जेवले नाहीत. त्या दिवसापासून तिनं सांगायचं सोडलं. ते म्हणतील तेव्हा जाते. जितक्यांदा म्हणतील तितक्यांदा.

“तू नाही का त्यांना नावं सांगत?” पोर म्हणाली. “तसंच.”

सावरून घेणं पोर तिच्याकडूनच शिकली होती, कुणाला बोल लावणार?

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्यापासून काही लपवलं नाही. पहिल्यांदाच. डॉक्टर काय म्हणाले, दिवसातून किती वेळा पोरीचं डोकं चेंडूवर बडवलं जातंय, सगळं सांगितलं. संघपालला त्या दिवशी सगळं लख्ख समजलं. असे काही तास त्याला अजून मिळायचे. तो हुंदके देऊन रडला, एवढा मोठा गडी. मग उठला, विळी पुढे ओढली आणि चेंडू तिच्यावर दाबून स्वतःच्या हातानं फाडला. साक्षीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “आजपासून याला चेंडू लागू द्यायचा नाही. मी सांगितलं तरी ऐकायचं नाही. मी रागावलो तरी नाही. कळलं?”

साक्षीनं हो म्हटलं. विहारात जाऊन तिघांनी मेणबत्ती लावली. त्या आठवड्यात घर कसं शांत होतं. प्रज्ञाला वाटलं, माणूस शेवटी बाप आहे, मेंदू विसरला तरी काळीज थोडंच विसरेल? असं वाटून घ्यायला बरं असतं.

आठवडा सरता सरता ती अंगणवाडीतून येत होती, तर मैदानाकडून आवाज आला. धप्. आणि परत धप्. ती धावली. नवा कोरा चेंडू होता. संघपालनं तिला लांबूनच बघितलं आणि आनंदानं हाक मारली, “प्रज्ञा, ये ये, बघ तरी! आज पोरीला पहिल्यांदा हेडिंग शिकवतोय. इतकी वर्षं कसं शिकवलं नाही कुणास ठाऊक! आणि बघ, पहिल्याच दिवशी कशी मारते!”

साक्षी आईकडे बघत होती. तिच्या नजरेत एकच विनवणी होती, की आता काही बोलू नकोस, पप्पा खूश आहेत. कुणाला बोलायचं? ज्यानं शपथ घातली तो माणूसच तिथं नव्हता.

तिनं त्या रात्रीत मन घट्ट केलं. धुळ्याला धाकटा भाऊ देवचंद होता, एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला, स्वभावानं गरीब. त्याच्याकडे साक्षीला ठेवायचं, तिथल्याच शाळेत घालायचं. बापापासून पोर तोडताना जीव तुटत होता, पण डोकं वाचेल ना! जाताना साक्षी गाडीत बसेपर्यंत एकच विचारत होती, की पप्पा शोधतील त्याचं काय? प्रज्ञानं तिला समजावलं, की भिंतीवर तुझ्या नावानं मामाचा नंबर लिहून ठेवते, पप्पांना फोन लावता येतो, लावू देत. त्यांनी विचारलं की सांगायचं, झालं पप्पा आजचं हेडिंग. एवढं ऐकलं की ते समाधानानं फोन ठेवतील. त्यांचंही मन राहील आणि तुझंही डोकं राहील. साक्षीनं डोळे पुसले आणि बरं म्हणाली.

आणि युक्ती लागू पडली. संघपाल ओट्यावर बसून फोन लावायचा, पोरीचं ‘झालं पप्पा’ ऐकायचा आणि तोंडभर हसायचा. प्रज्ञाला सांगायचा, “झालं बरं का तिचं.” थोड्या वेळानं विसरायचा, परत फोन. पुन्हा तेच बोलणं, पुन्हा तेच समाधान. तिला वाईट वाटायचं, पण आतून कुठंतरी हायसंही वाटायचं. त्याचं विसरणं निदान आता कुणाला लागत नव्हतं.

शाळा सुरू होऊन महिना झाला तेव्हा ती धुळ्याला गेली. संघपालला तेवढा एक दिवस कौतिकबाईवर सोपवून, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. साक्षी वाळली होती. दप्तर उघडं टाकून अंधाऱ्या खोलीत बसली होती. पुस्तक वाचलं की अक्षरं हलतात म्हणाली. प्रज्ञानं तिला जवळ घेतलं, केसांतून हात फिरवला, आणि हात कपाळावर आला तेव्हा पोर एकदम मागे सरकली.

प्रज्ञा स्वयंपाकघरात आली. देवचंद जेवत होता. तिनं विचारलं, पोर इथं काय करते दिवसभर?

देवचंदच्या तोंडावर कौतुक होतं. “अक्का, तुनी पोर गुणनी शे. दाजीना फोन येस ना, का ती ‘थांबा पप्पा’ म्हनस, चेंडू लिसनी मांगली भिंतकडे जास, बठ्ठं करीसन येस, आनि मंगच ‘झालं’ म्हनस. दिनमा चार-पाच येळा फोन येस, तितल्यांदा जास. आळस नही, कटाळा नही.”

प्रज्ञानं डबा खाली ठेवला; म्हणजे दर फोनला पोर मागच्या भिंतीवर खरोखरच हेडिंग करून येत होती! तिनं साक्षीला बाहेर बोलावलं. आवाज चढू न देता विचारलं, की मी तुला काय सांगितलं होतं?

“झालं म्हणायला,” साक्षी म्हणाली. “म्हणते ना मी.”

“अगं, नुसतं म्हणायचं होतं!”

साक्षीनं आईकडे असं बघितलं, की जणू आईनंच काही भलतंसलतं बोलून दाखवलंय. “पप्पांशी खोटं कसं बोलू, मम्मी?” ती म्हणाली. “ते विसरतात. मला तर आठवतं ना.”

तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. साक्षी पुढे झाली, पण प्रज्ञानं आधी उचलला. पलीकडून संघपालचा आवाज आला, मोकळा आणि आनंदी. साक्षी, बाळा, आज हेडिंग राहिलं ना आपलं?

प्रज्ञानं तोंड उघडलं. काय सांगायचं होतं तिनं? झालं म्हणावं तर थोड्या वेळानं परत फोन. करू नका म्हणावं तर तो रडेल, शपथ घेईल, आणि परत फोन. ती फोन कानाला लावून उभी राहिली. “साक्षी? ऐकतेस ना?” तो विचारत होता. प्रज्ञानं मागे वळून बघितलं. पोर तिथं नव्हती. मागच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज आला.